अकरा पौंडांचा दाब

मित्रांनो, मिशिगन राज्यातल्या बे सिटी गावी डुडेक कुटुंबाच्या गॅरेजात राहणारी मी एक जुनी मोटार आहे. माझा रंग गर्द हिरवा आहे, दारे दोनच आहेत आणि नाक लांबलचक आहे. त्या नाकाखाली आठ सिलिंडरांचे इंजिन आहे. आमच्या जातीच्या गाड्यांना इथे ‘मसल कार’ म्हणतात. पहिलवानाला जसा आपल्या दंडांचा अभिमान असतो, तसा आम्हाला इंजिनाचा.

मला विकत घेतले ते कॅझिमिर डुडेक यांनी. ते इथल्या बिटापासून साखर बनवणाऱ्या कारखान्यात जोडारी होते. पहिली काही वर्षे त्यांनी मला मनसोक्त पळवले. मग इंजिन थकले, तेव्हा त्यांनी ते एका हिवाळ्यात पूर्ण खोलले आणि एकेक भाग घासून, मोजून पुन्हा बसवले. त्यांची लेक रेनाटा पाने हातात द्यायला शेजारी उभी असे. धाकटा क्लेम माझ्या मागच्या सीटवर झोपून जाई. कॅझिमिरांच्या पत्नी बर्नाडीन यांचे मात्र माझ्याशी कधी जमले नाही. या गाडीत बसले की माझे दात वाजतात, असे त्या साऱ्या गल्लीला सांगत.

पुढे कॅझिमिरांनी कुठूनसा एक जुना सुपरचार्जर आणला. पुढच्या उन्हाळ्यात बसवू म्हणून तो खोक्यात राहिला. तो उन्हाळा आलाच नाही. आधी ते आजारी पडले आणि मग गेले. माझ्यावर ताडपत्री पडली. एका उंदरिणीने सीटचा कापूस ओढून नेऊन माझ्या एअर फिल्टरमध्ये पिल्ले घातली. मला त्यांचा राग आला नाही. निदान कुणीतरी माझ्यात राहत होते.

अखेर एका वसंतात ताडपत्री निघाली. रेनाटा आता लेथवर काम करणारी कारागीर झाली होती आणि क्लेम बर्फ हटवण्याचा ट्रक चालवत होता. दोघांनी ठरवले की बाबांचे राहिलेले काम पुरे करायचे. त्यांनी खोके उघडले आणि तो सुपरचार्जर माझ्या इंजिनावर बसवला.

मित्रांनो, इंजिन पेट्रोल पिते, तशी हवाही खाते. सुपरचार्जर ती हवा दाबून दाबून सिलिंडरांत भरतो. तो पट्ट्यावर फिरतो. पट्ट्याची पुली जितकी लहान, तितका तो जोरात फिरतो आणि हवेचा दाब वाढतो. पण हवा वाढली की पेट्रोलही त्या बेताने वाढवावे लागते. नाहीतर आतली आग भलतीच तापते आणि पिस्टन वितळतात.

एका शनिवारी त्यांनी मला ड्यूई नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजात नेले. ड्यूईकडे डायनो आहे. गाडीची मागची चाके त्याच्या रुळांवर ठेवतात, गाडीला पट्ट्यांनी जखडतात आणि जागच्या जागी पळवून तिची ताकद मोजतात. पहिल्या फेरीत दाब सात पौंडांवर गेला आणि पडद्यावर चारशे सेहेचाळीस अश्वशक्तीचा आकडा आला. कॅझिमिरांच्या काळात मी याच्या जवळपासही नव्हते. मला अंगात नवे वारे भरल्यासारखे वाटले. रेनाटाने माझ्या बॉनेटवर हलकेच थाप मारली.

पण तिथे क्लेमचा दोस्त लॉनी उभा होता. त्याच्या पिवळ्या गाडीने आदल्या आठवड्यात पाचशे चाळीस काढले होते.

“आजीबाईंच्या मानाने बरं आहे,” तो माझ्याकडे बघत म्हणाला.

क्लेमने खिशातून लहान पुली काढली. ती तो घरूनच घेऊन आला होता. तिने दाब अकरा पौंडांवर गेला असता. ड्यूईने सांगून पाहिले की इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप जुना आहे, एवढ्या हवेला तो पुरा पडेल याची खात्री नाही, मोठा पंप मागवू आणि मग करू. क्लेमला ते आजच करायचे होते.

रेनाटा त्याच्याजवळ गेली.

“क्लेम, हे इंजिन बाबांच्या हातचं आहे. फुटलं तर दुसरं मिळेल, पण हे मिळणार नाही.”

“फुटत नाही गं. तू बाबांसारखीच भित्री आहेस.”

“असेन,” ती म्हणाली. “पण पेडलवर पाय तुझा आहे, एवढं लक्षात ठेव.”

ती बाजूला झाली. पुली बदलली गेली. क्लेम आत बसला आणि त्याने पेडल दाबले.

सुपरचार्जरची शिट्टी इतकी चढली की लॉनीनेही कान झाकले. दाबाचा काटा आठ, नऊ, दहा करत अकरावर पोचला. पडद्यावरची रेघ पाचशेच्या वर गेली. आणि तेवढ्यात माझा घसा कोरडा पडू लागला. हवा भसाभस येत होती, पेट्रोल मागे पडत होते. माझ्या पोटात पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज सुरू झाला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. तो आवाज हेच माझे ओरडणे.

क्लेमने पाय उचलला.

रेघ पाचशे सातवर तुटली. मी हळूहळू शांत झाले. ड्यूईने स्पार्क प्लग काढून उजेडात धरले. एकाच्या टोकावर राखाडी धातूचे बारीक ठिपके होते. पिस्टनला चटका बसल्याची ती खूण होती. मग त्याने एकेक सिलिंडर तपासला. सगळे धडधाकट निघाले. अजून थोडाच वेळ पाय दाबून ठेवला असता, तर त्या पिस्टनला भोक पडले असते.

“कसं कळलं तुला?” रेनाटाने विचारले.

“आकड्याकडे बघत होतो,” क्लेम म्हणाला. “मग तो आवाज आला, आणि आकडा दिसेनासाच झाला.” थोडे थांबून तो म्हणाला, “मोठी पुली कुठे ठेवलीस?”

लॉनी तोवर जवळ आला होता. तो थट्टा करील असे मला वाटले. पण त्याने मुकाट्याने पाना उचलला आणि पट्टा सैल करू लागला.

आता मी सात पौंडांवर सुखात आहे. मोठा पंप अजून आणलेला नाही आणि कुणाला घाईही नाही. एका रविवारी चर्चमधून येताना दोघा भावंडांनी बर्नाडीनबाईंना माझ्यात बसवले. तळलेली पर्च मासळी खायला सगळे खाडीकडे निघाले होते. बाईंनी हातातली पर्स घट्ट धरली होती. रस्ता सरळ आणि मोकळा लागला, तशा त्या म्हणाल्या, “जरा जोरात घे की, क्लेम.”

क्लेमने पेडल दाबले. शिट्टी वाजली. बाईंचे दात वाजले असतील तर ते त्यांच्या हसण्यात ऐकू आले नाहीत.

“तुझ्या बाबांनी मला एवढ्या जोरात कधी नेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“का गं, आई?”

“मी ओरडायचे ना. बिचारा लगेच पाय उचलायचा.”

क्लेमने मागे बसलेल्या रेनाटाकडे आरशातून पाहिले.

मित्रांनो, यंत्रांना जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. पण जपणे म्हणजे ताडपत्रीखाली झाकून ठेवणे नव्हे. तिथे आम्ही जास्त लवकर मरतो. आम्हाला पळवा, घामाघूम करा, आमच्याकडून काम घ्या. फक्त आमचा आवाज ऐकत चला. आम्ही मोठ्याने सांगतो, पण एकदाच सांगतो.