डोलीला आडवी आलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. युगांडातल्या डोंगरात, गोरिलांच्या जंगलात शिरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी मी उभी आहे. 'पंधरा वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही' एवढंच माझ्यावर लिहिलेलं आहे. या एका ओळीपायी मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या, तेवढ्या बाजारातल्या चोरानेही खाल्ल्या नसतील.

न्हाव्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याने मला पिवळी अक्षरं दिली. सुरुवातीला माझं कोण कौतुक! पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. पुढे मुलांना घेऊन येणारे वाढले आणि मी त्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. कोणी लाथ मारली, कोणी माझ्यावर ओला रेनकोट वाळत घातला. रंग उडाला, वाळवीने एक पाय पोखरला. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, तरी मी हलले नाही.

माणसाची साधी सर्दी गोरिलाच्या जिवावर बेतू शकते, आणि लहान मुलं तर सर्दी-खोकला अंगावर घेऊनच हिंडतात. मागे अशाच खोकल्याने एक पिल्लू गेलं. त्या दिवशी फाटकावरची रक्षक कोबुसिंगे माझ्या पायाशी बसून रडली. आता त्या पिल्लाच्या आईला पुन्हा पिल्लू झालं होतं. हे तरी जगावं, एवढंच कोबुसिंगे मागत होती.

अशात राजधानीहून मुकीबी साहेब आपल्या बारा वर्षांच्या मुलीला, नामुलीला घेऊन आले.

"दिसायला पंधराची वाटते की नाही?" ते म्हणाले.

"साहेब, दिसायला तर मीसुद्धा राणी वाटते," कोबुसिंगे म्हणाली. "मुलीला इथे बसवा, मी सांभाळते."

साहेब फणकाऱ्याने मुलीला घेऊन खाली गावात गेले.

आमच्या डोंगरात आजारी माणसाला बांबूच्या डोलीत घालून खांद्यावरून दवाखान्यात नेतात. गावोगावी त्यासाठी मंडळ असतं. जंगलापलीकडच्या गावातली माणसं याच वाटेने दवाखान्यात जातात आणि याच वाटेने घरी परततात. डोली दिसली की वाट सोडायची आणि आत कोण आहे ते विचारायचं नाही, अशी रीत आहे.

थोड्या वेळाने गावाकडून एक डोली आली. पुढे डोली मंडळाचा म्हातारा म्होरक्या बितारिहो, मागे मुकीबी साहेब, डोलीत कोणीतरी घोंगडी पांघरून निजलेलं. कोबुसिंगे मान खाली घालून बाजूला झाली. मी कुठे होणार? वाट तिथे अरुंद आहे. मागचा बांबू माझ्यावर आदळला, माझा कोपरा कडकन मोडला, पण डोली अडली. घोंगडी सरकली आणि आतून नामुली लागोपाठ दोनदा शिंकली.

"बितारिहोकाका!" कोबुसिंगे ओरडली. "डोली आजाऱ्यांची ना?"

"अगं, पोरगी रडत होती. आणि नियम चालत जाणाऱ्यांना. ही कुठे चालतेय?"

"वा! उद्या बोकड डोलीत घालून लग्नाला न्याल आणि वऱ्हाडी आलाय म्हणाल!"

डोली उचलणारेच हसायला लागले.

"शिंकच तर आहे," साहेब म्हणाले.

"नाही बाबा," नामुली उठून बसली. "काल मला ताप होता. तुम्हीच म्हणालात, कोणाला सांगू नकोस."

बितारिहोचा चेहरा पडला. डोली मागे फिरली. साहेबांनी मात्र जाताना माझ्याकडे बोट दाखवलं. "ही पाटी उखडून टाकायला लावतो की नाही, बघाच."

त्यांनी शब्द खरा केला. पाहुणे नाराज होतात, पाटी काढा, असा वरून निरोप आला. पण त्याआधीच डोली मंडळाची बैठक बसली होती. डोलीत धडधाकट माणूस घालून खोटं बोललं, तर ज्वारीच्या बियरची घागर दंड असतो.

"मला घागर नको," कोबुसिंगे म्हणाली. "पाटी खोल रोवून द्या."

बितारिहोने स्वतः कुदळ घेतली. कंबरेएवढा खड्डा खणला, मला दोन नवे पाय दिले आणि भोवती दगड ठासले.

"कोणी उखडायला आलं तर?" एकाने विचारलं.

"येऊ दे की. घरी न्यायला आपली डोली आहेच."

माणसं आली. पहारी घातल्या, घाम गाळला, डोली मंडळाचे लोक भोवती उभे राहून बघत राहिले. शेवटी ती आल्या वाटेने गेली. मी इथेच आहे.

ते पिल्लू आता आईच्या पाठीवरून उतरून झाडावर चढतं, असं वाटाडे सांगतात. तेव्हा मित्रांनो, माझ्यावर रुसायचं असेल तर खुशाल रुसा. मोठे व्हा, अंगात ताप नसेल तेव्हा या, मी अडवणार नाही. पण आज लाथ मारलीत तरी सरकणार नाही. माझं वय तर केव्हाच पंधराच्या पुढे गेलं आहे. तरी जंगलाकडे पाठ करून उभी असल्याने मी आजपर्यंत एकही गोरिला पाहिलेला नाही.