माझ्या खेळाच्या पुस्तकाचं नाव

देवरावाची ही खोड मला पहिल्यापासून खपत नाही. आधी करून मोकळा होतो आणि मग गोड तोंड करून सांगायला येतो. माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा, अमरावतीला शाळेत मास्तर, राजापेठेत बिऱ्हाड. चार बुकं जास्त शिकला, तेव्हा आत्याला विचारायची काय गरज!

खेळ माझा. अकोल्यात आमच्या आळीतली कोणतीही बाई सांगेल. माझ्या थोरल्या लेकीला, वच्छलेला, लहानपणी गोवर निघाला तेव्हा पंधरा दिवस तिला अंधाऱ्या खोलीत ठेवावं लागलं. पोर रडून बेजार. मी म्हटलं, "तू आता वच्छला नाहीस, वैदीण आहेस. पूर्णेला पूर आलाय, पलीकडे माणूस तापानं फणफणलाय, नावाडी नाव काढत नाही. सांग, काय करतेस?" ती म्हणाली, कमरेला भोपळे बांधून जाईन. म्हटलं, टाक कवड्या. पाचातल्या तीन उताण्या पडल्या तर पोचलीस, नाहीतर वाहून गेलीस.

गोवर गेला, खेळ राहिला. पुढे आळीतल्या बाया दुपारच्या बसू लागल्या. कुणी चोर, कुणी सोनार, कुणी फौजदार. वाट मी सांगायची, संकट मी आणायचं. जी वाहून गेली तिला उठवायचं नाही, दुसरं सोंग द्यायचं, हा नियम पण माझाच. नाव मात्र नव्हतं. "चला, बसू" म्हटलं की सगळ्या समजायच्या.

दिवाळीच्या सुटीत देवरावानं मला समोर बसवून सगळे नियम उतरवून घेतले. म्हणाला, याचं पुस्तक करतो, शाळांमधून जाईल. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई; माझं बोलणं छापून येणार म्हणून महिनाभर पाय जमिनीवर नव्हते माझे.

संक्रांतीच्या आधी तो अमरावतीहून बडनेरा गाठून सकाळच्या गाडीनं आला. घरात वच्छला माहेरपणाला आलेली, सून होती, शेजारच्या सत्यभामाबाई वाती वळत बसलेल्या. आमच्या घरचे ओट्यावर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत होते. देवरावानं पिशवीतून पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"आत्याबाई, आतलं सगळं छापून झालं. कव्हराचा हा एकच नमुना हाय, बाकीचे उद्या निंगतीन. म्हटलं, पयले तुमी वाचा."

मी चष्मा लावला, पदर सारखा केला. मला अक्षर अक्षर जुळवून मोठ्यानं वाचावं लागतं. पहिलं अक्षर वाचलं, दुसरं वाचलं, आणि जीभ टाळूला चिकटली. 

"काय झालं वो?" म्हणत सत्यभामाबाईंनी पुस्तक ओढून घेतलं आणि घडाघडा वाचलं, "खुशालरावांची मुशाफिरी."

खुशालराव म्हणजे आमच्या घरचे. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, हळदीकुंकवाच्या उखाण्याखेरीज हे नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. आणि माझ्या खेळाच्या डोक्यावर तेच!

"अवो बाई!" सत्यभामाबाई हसत सुटल्या. "आता खेळाले बोलवाचं असन तं तुमाले पयले उखाणा घ्या लागीन!"

सुनेनं पदर तोंडात कोंबला. तिलाही सासऱ्याचं नाव घेता येत नाही. म्हणजे माझ्याच घरात माझा खेळ मागायची दोन बायकांना चोरी. मला हसू येईना. 

"काहून केलं असं?" मी विचारलं.

"माह्या मनानं नाही केलं, आत्याबाई," देवराव सांगू लागला. "मी 'कवड्यांचा खेळ' म्हणलं तं छापखानेवाला म्हणे, लोकं जुगार समजतीन. 'सोंगांचा खेळ' म्हणलं तं म्हणे, तमाशाचं पुस्तक वाटते. मंग तुमचं नाव सांगतलं. थो म्हणे, बाईचं नाव पाह्यलं का लोकं लोणच्याचं पुस्तक समजतीन, हेडमास्तर हात नाही लावाचे. वजनदार माणसाचं नाव द्या. मले मामाजी आठवले. अखिन घरातलंच नाव हाय ना!"

ओट्यावरून आवाज आला, "लेका, मले तं कवड्या धरता बी येत नाही."

"मामाजी, नाव तं चांगलं दिसते ना कव्हरावर?"

यांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली आणि आत डोकावून पुस्तकाकडे बघत राहिले. आवडलं होतं त्यांना. बत्तीस वर्षांत माणूस पाठीवरून सुद्धा ओळखू येतो.

वच्छला हळूच म्हणाली, "आई, जाऊ दे ना. आत तं सगळं तुयंच हाय."

आत सगळं माझंच होतं, खरं आहे. मी पान उलटून पाहिलं. पूर होता, भोपळे होते, तीन उताण्या होत्या. पण कव्हर उद्या छापलं गेलं की गावोगावच्या शाळांमधली पोरं म्हणतील, कुण्या खुशालरावानं खेळ काढला. आणि तसं नाही, एवढं सांगायला सुद्धा मला तेच नाव तोंडानं उच्चारावं लागेल.

देवराव पिशवी उचलून म्हणाला, "मंग मी निंगतो. उद्या सकाळीच छापाले देतो."

मी दारात आडवी उभी राहिले. 

"खुशालराव," मी म्हटलं.

सत्यभामाबाईंच्या मांडीवरच्या वाती खाली सांडल्या. सून भिंतीला टेकली. ओट्यावर अडकित्ता बंद पडला. माझे स्वतःचे कान मला खरे वाटेनात. पण निघालेलं नाव परत कुठे घालणार? मी देवरावाच्या डोळ्यांत बघून पुढे बोलले.

"खुशालरावानं हा खेळ काढला नाही, देवराव. म्या काढला, सुभद्रेनं. छापखानेवाला म्हणे अन् तू मान हालवली. मास्तर झाला, पण भेकड निंगाला तू. आता जाय अन् कव्हरावर 'सुभद्राबाईचा खेळ' छाप. कोणाले लोणच्याचं पुस्तक वाटलं तं वाटू दे, लोणचं बी मले चांगलं येते."