एक बाबागाडी, दोन बाळं

"बाई, ही गाडी कुठल्या तरी एकाच बाजूला ठेवा," फाटकावरचे म्हातारे शिपाईकाका म्हणाले होते. "गाडी एक, बाळं दोन, आणि मधे हा पूल. उद्या फाटक लागलं तर काय कराल?"

"काका, आधी त्याच्या बिजागऱ्यांचा गंज तर काढा," असं म्हणून माझी मालकीण हसत पुढे निघाली.

मित्रांनो, ती गाडी म्हणजे मी. आता माझं छत विटलं आहे आणि पुढचं डावं चाक कुरकुरतं, पण अजून बाळ बसवलं तर न डगमगता चालेन. माझा जन्म पुलाच्या पलीकडच्या देशात झाला. तिथल्या एका सायकल दुरुस्तीवाल्या आजोबांनी मोडक्या सायकलींच्या नळ्या जोडून मला घडवलं. त्यांची सून कपडे शिवते. तिने छत्रीच्या कापडाचं छत शिवलं, आतून मऊ अस्तर लावलं आणि आपल्या बाळ्याला माझ्यात निजवलं. तिला सगळे शिवणवाली म्हणतात.

माझी दुसरी मालकीण पुलाच्या अलीकडे राहते. ती औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून ती औषधवाली. दोघींची गाठ पुलावरच्या तपासणीच्या रांगेत पडली. हिची छोटी कडेवर भोकाड पसरून रडत होती. शिवणवाली म्हणाली, "अगं, टाक तिला माझ्या गाडीत. माझा बाळ्या पाय आखडून झोपतो, जागा आहे." दोन्ही बाळं उलटसुलट डोकी करून झोपली. त्या दिवसापासून मी दोन्ही घरांची झाले. एक आठवडा तिकडे, एक आठवडा इकडे.

पुढे नियम निघाला की चाकाची कुठलीही वस्तू हे वाहन आहे आणि परवान्याशिवाय ते फाटकातून जाणार नाही. दोघी हार मानणाऱ्या नव्हत्या. फाटकाशी आल्या की दोन्हीकडून धरून मला उचलायच्या.

"काका, चाकं टेकलीत का?"

"नाहीत बुवा."

"मग हे सामान."

शिपाईकाका मिशीत हसत आणि दुसरीकडे बघत. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. मोठमोठ्या सभांत शांततेची भाषणं होतात. इथे दोन बायका दर आठवड्याला कोपर दुखेस्तोवर ती उचलून नेत होत्या.

बाळ्याची छाती नाजूक आहे. गारठा पडला की घरघर सुरू होते, ओठ निळसर पडतात. त्याला तोंडाशी धरायचा औषधाचा पंप लागतो, आणि तो पलीकडे मिळत नाही. औषधवाली डॉक्टरांची चिठ्ठी बघून तो आणायची आणि माझ्या कप्प्यात ठेवायची. त्या संध्याकाळीही तिने नवा पंप ठेवला. सकाळी मला पलीकडे जायचं होतं.

सकाळी फाटक बंद होतं.

कुठल्या तरी लांबच्या शहरात, कुणाचं तरी कुणाशी बिनसलं होतं. ज्यांचं बिनसलं, त्यांनी हा पूल आयुष्यात कधी ओलांडला नव्हता. मला याचाच संताप येतो.

फाटकावर नवे जवान होते. "वाहन मागे घ्या." औषधवालीने एकटीने मला छातीपर्यंत उचललं. "हे बघा, सामान आहे." पण दुसरी बाजू धरायला पलीकडे कुणाला उभं राहू दिलं नव्हतं. शेवटी तिने मला खाली टेकवलं आणि कप्प्यातून पंप काढला.

"निदान हा पंप तरी पोचवा. लहान मूल आहे हो."

"औषध बाहेर पाठवायला परवाना लागतो, बाई."

शिपाईकाका मागे उभे होते. ते नुसते खाली बघत राहिले.

आम्ही परत आलो. गल्लीतली पोरं "शत्रूची गाडी" म्हणून मागे लागली. त्यांच्यातली निम्मी माझ्यात बसून गल्लीभर फिरली आहेत. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "ही त्यांची ब्याद अजून घरात ठेवलीस?"

"काकू, तुमच्या अंगातला कोट कुणी शिवलाय?" औषधवालीने विचारलं. काकूंनी दार लावून घेतलं.

आता मी जिन्याखाली उभी आहे. फोन लागत नाही. पंप अजून कप्प्यात आहे, आणि हवा गार होऊ लागली आहे. औषधवाली रात्री छोटीच्या छातीवर हात ठेवून झोपते आणि दुसऱ्याच बाळाचा विचार करते.

मित्रांनो, वस्तूंवर गंज चढतो तो चढू द्या. माणसांमधलं येणंजाणं मात्र तसं सोडून देऊ नका. कुणी तुम्हाला "ते" आणि "आपण" असं शिकवू लागलं, तर "ते म्हणजे नक्की कोण? नाव सांगा" असं विचारा.

आणि तुमच्यापैकी कुणी पलीकडे राहत असेल, तर एवढं करा. पूल उतरल्यावर डाव्या हाताला सायकलींचं दुकान आहे. वरच्या मजल्यावरून शिवणयंत्राचा आवाज येत असेल. येत नसेल, तर धावत वर जा. दार वाजवून "औषधवालीनं पाठवलंय" म्हणा, ती लगेच उघडेल. मग बाळ्याच्या छातीला कान लावून बघा.