बेडूक कुठं ठेवला?

२०१६ चा मे महिना. किल्लारीच्या पुढच्या एका लहान गावात शाळेला सुट्टी लागली होती, पण शाळा बंद नव्हती. दुष्काळ म्हणून सुट्टीतही खिचडी शिजायची आणि खिचडीच्या निमित्तानं पोरं यायची. आलेल्या पोरांना नुसतं बसवून काय ठेवायचं, म्हणून निवृत्त झालेले अमृतराव गुरुजी रोज उन्हातून चालत येत आणि शाळेच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरभोवती सगळ्यांना गोळा करत.

त्यातूनच पोरांनी लातूरच्या प्रदर्शनासाठी एक सिनेमा केला होता. मातीच्या बाहुल्या, त्यांचे एकेक करून काढलेले फोटो आणि आवाज पोरांचेच. आटलेल्या विहिरीतला बेडूक पाणी शोधायला निघतो, एवढीच गोष्ट. बेडूक झाली होती पंचफुला. असा घोगरा, ठसक्यात बोलणारा बेडूक, की खिचडी करणाऱ्या धुरपताबाई पळी हातात घेऊन ऐकायला यायच्या. पुढं पंचफुलाचे आईबाप कामासाठी पुण्याकडं गेले आणि तिलाही घेऊन गेले. जाताना ती रुद्राणीला म्हणाली, "माझा बेडूक नीट सांभाळ गं. लातूरच्या प्रदर्शनाआधीच मारून बसशील!"

सातवीतली रुद्राणी हसली होती. पण एस.टी. नजरेआड गेल्यावर तिला कळलं, की आता तो आवाज परत भरता येणार नाही. आहे तेवढाच आहे.

कॉम्प्युटर मात्र म्हातारा झाला होता. "हा चालू होईस्तोवर टँकर येऊन रिकामा होतोय," मुख्याध्यापक व्यंकटराव सर म्हणायचे. शेवटी ठरलं, की कॉम्प्युटर चालवणाऱ्या जुन्या सिस्टीमशेजारी एक हलकी, नवी सिस्टीम बसवायची. जुनी काढायची नाही, कारण शाळेची कामं तिच्यातच होती.

"शेजारी म्हणजे कुठं, गुरुजी?" रुद्राणीनं विचारलं. "डबा तर एकच हाय."

"आपला लातूर जिल्हा कसा झाला?"

"उस्मानाबादमधून तोडून."

"व्हय. जमीन तीच, माणसं तीच, मधी हद्द आली. तसंच हितं करायचं. डिस्क एकच, जुन्याची जागा थोडी कमी करायची अन् नव्याला द्यायची. पण हद्द आखताना हात चुकला, तर एखादं गाव ना इकडं ना तिकडं. म्हणून आधी सगळ्याची नक्कल काढून दुसरीकडं ठेवायची. त्याला बॅकअप म्हणत्यात."

"त्यापेक्षा उदगीर जिल्हा होऊ द्या," सर म्हणाले. "नव्या जिल्ह्यात कॉम्प्युटर बी नवा मिळंल."

"आपण औशाकडचे, सर," गुरुजी म्हणाले. "उदगीरचा जिल्हा झाला तरी आपल्याला काय मिळणार? पेढे बी न्हाईत."

शाळेची कागदपत्रं गुरुजींनी स्वतः एका पेनड्राइव्हवर घेतली. सिनेमाची नक्कल करायचं काम रुद्राणीला दिलं. तिनं सिनेमा उघडायचं पडद्यावरचं बेडकाचं चित्र धरलं, दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. खात्री म्हणून तिनं पेनड्राइव्हवरच्या चित्रावर टिचकी मारली. बेडूक बोलला.

"झालं, गुरुजी!"

"आटपा आता," सर म्हणाले. "तीनला लाईट जाती."

गुरुजींची नजर त्या चित्राच्या कोपऱ्यातल्या बारक्या बाणावर थांबली. पण ते रागावले नाहीत, आणि त्यांनी चूकही सांगितली नाही. एवढंच म्हणाले, "लेकरा, उगवण बघितलीस का?"

रुद्राणीला घरचं पोतं आठवलं. मागच्याच आठवड्यात बापानं सोयाबीनचे मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. आई कडाडली होती, "प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही पोतं भिजवत बसलात!" बाप शांतपणे म्हणाला होता, "दाणा वरून चांगलाच दिसतोय. आत जीव हाय का, ते कसं कळावं?" गोणपाट उघडलं तेव्हा निम्मे दाणेही उगवले नव्हते.

"बघितली की. बोलला ना बेडूक."

"कुठं बोलला?"

"हितंच."

"हितं तर तो राहतोच."

कणगीत हात घालून कुणी उगवण बघत नाही. दाणे बाहेर काढावे लागतात. रुद्राणीनं हळूच सरांच्या बॅगेकडं पाहिलं. आत लॅपटॉप होता.

"ए बाई, त्याला हात न्हाई लावायचा!" सर म्हणाले. "माझ्या पोराच्या लग्नाचे फोटो हायेत त्यात."

"फोटो बघणार न्हाई, सर. फक्त बेडूक."

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. टिचकी मारली. बेडूक आला नाही. फाईल सापडत नाही, अशी पाटी आली. रुद्राणीनं पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तीच पाटी.

"पळाला की बेडूक!" सर हसले.

"पळाला न्हाई, घरीच हाय," गुरुजी म्हणाले. "आपण घर न्यायचं सोडून दारावरची पाटी नेली. बाण दिसला, की समजायचं, ही नुसती वाट दाखवणारी खूण. त्याच कॉम्प्युटरवर ती घरापर्यंत नेते, म्हणून फसायला होतं. ही खूण लावली कुणी?"

सरांचं हसू मावळलं. "मीच. पोरांना सोपं जावं म्हणून."

रुद्राणीनं मग खरा फोल्डर शोधून काढला. चित्रं, आवाज, सिनेमा, सगळं एकत्र. या वेळी हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. सर घड्याळाकडं बघत होते.

"लई हळू चाललंय," ती पुटपुटली.

"हळू चाललंय म्हणजे खरंच कायतरी चाललंय."

पेनड्राइव्ह पुन्हा लॅपटॉपला लावला. टिचकी मारली, आणि वर्गभर घोगरा आवाज घुमला, "अगं ए विहिरी, माझं पाणी कुणी नेलं गं?" दारातून धुरपताबाईंचं हसू ऐकू आलं.

मगच गुरुजींनी लातूरहून आणलेली नव्या सिस्टीमची सीडी घातली. हद्द सरकू लागली. ती निम्म्यावर आली असेल नसेल, तोच पंखा थांबला. लाईट वेळेआधीच गेली होती.

लाईट आली तेव्हा पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं. जुनं चालू होईना आणि नवं तर बसलंच नव्हतं.

"घाबरलीस?" गुरुजींनी विचारलं.

"कॉम्प्युटरसाठी घाबरले," रुद्राणी म्हणाली. "बेडकासाठी न्हाई."

"मग उद्या दोन्ही सिस्टीम कोऱ्या पाटीपासून बसवू. शिकायला बरंच झालं."

सर लॅपटॉपकडं बघत होते. "रुद्राणी, ते लग्नाचे फोटो... एकाच जागी हायेत गं."

"नक्कल करून देते की, सर. पण आधी तुमचा फोन द्या."

तिनं पंचफुलाच्या बापाचा नंबर लावला, फोन लॅपटॉपच्या तोंडाशी धरला आणि बेडकाला बोलू दिलं. पलीकडं पुण्यातल्या कुठल्यातरी बांधकामावरची ठोकाठोक ऐकू येत होती. मग ती ठोकाठोक थांबली.

"अगं," पंचफुला म्हणाली, "मी एवढी घोगरी हाय व्हय?"