तिसऱ्या फळीवरचे पाय

देवाने माणसाला पाय दोन दिले, पण एकसारखे काही दिले नाहीत. आत्याची सगळी कारागिरी त्या फरकावरच चालत आली होती. तिच्या कारखान्यात दुखऱ्या पायांसाठी बूट होत. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा फळीवर मांडलेला. असे चारशेच्या वर साचे, आणि कुठला कोणाचा हे ठाऊक एकट्या आत्याला. तेही डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. डोळ्यांपुढे तर वर्षभर धुकंच होतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली होती. “सहा आठवडे मी नसले तर साचे कोण ओळखणार?” एवढंच म्हणायची. डॉक्टरांनी आता सांगून टाकलं होतं, उद्या सकाळी आलात तर आलात, पुढचं माझ्या हातात नाही. इकडे भाचीने दोन महिने खपून सगळ्या साच्यांची नोंद पायथन या संगणकाच्या भाषेत केली होती. नोंद आत्याच्या पसंतीस उतरली तर ती उद्या जाणार, नाहीतर नाही.

“बोल, कोणाचा दाखवू?” भाचीने खुर्ची पुढे ओढली. तिला धाकधूक नव्हती. एकेक साचा तिने पडद्यावर छापून पाहिला होता.

“पोस्टातल्या बाईंचा.”

पडद्यावर ओळ उमटली: पोस्टातल्या बाई, डावा पाय, तिसरी फळी.

“झकास!” थोरला कारागीर म्हणाला. तीस वर्षं टाचा ठोकून त्याचा आवाजही ठोकल्यासारखाच झाला होता. “आता अख्खी तिसरी फळी काढ. सूज-बिज येऊन बदललेले पाय सगळे तिथेच आहेत. मला काम करायचं ते त्यांच्यावर.”

भाचीने छत्तीस साचे एका यादीत घातले आणि यादी छापली. नाव नाही, डावा-उजवा नाही. पडदाभर एकच पालुपद: साचा नावाची वस्तू, अमुक ठिकाणी. आणि ते ठिकाण म्हणजे शून्य, एक्स, सात, एफ अशी लांबलचक आगगाडी.

“अगं, हे पाय कुठल्या ग्रहावरचे?” कारागीर म्हणाला. “तिथवर बूट पोचवणार कोण? तू?”

आत्या हसली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठू लागली. “डॉक्टरांना फोन लाव गं. पुढची तारीख माग.”

“आत्या, बस तू. बिघडलं काहीच नाहीये.” भाचीचा आवाज चढला नाही. “वस्तूकडे दोन उत्तरं असावी लागतात. एकटी छापली की पायथन विचारतो, गिऱ्हाइकाला काय सांगू? ते मी लिहून दिलं होतं. यादीत घातली की विचारतो, कारागिराला काय सांगू? ते लिहायचं मी विसरले. मग त्याने आपल्या मनाने ठोकून दिलं, की साचा आहे आणि माझ्या मेमरीत इथे ठेवलाय. पुढच्या वेळी तो पत्ताही बदललेला असेल.”

“मग लिही की!” कारागीर म्हणाला.

“लिहिते. पण काय, ते आत्या सांगेल. साचा हातात आला की तू काय काय बघतेस गं?”

आत्याने पोस्टातल्या बाईंचा साचा मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. देवापुढे बसावं तशी बसली. “डावा. साडेचोवीस. चवडा रुंद. करंगळीच्या बाजूला चामड्याचे तीन थर. तिथे बाईंचा पाय सुजून राहिलाय ना, म्हणून साचाच फुगवलाय. एवढं कानावर पडलं तर उद्या साचा जळाला तरी पुन्हा कोरता येईल.”

“नियम तोच आहे, आत्या! कारागिराचं उत्तर असं हवं की त्यावरून वस्तू पुन्हा उभी करता यावी.”

तिने चार ओळी लिहिल्या, यादी पुन्हा छापली आणि मोठ्याने वाचू लागली. “पोस्टातल्या बाई, डावा, साडेचोवीस, चवडा रुंद, थर शून्य.”

“थांब.” आत्याचा अंगठा अजून चामड्यावरच होता. “शून्य?”

भाचीने साचा हातात घेतला. कान तापले, पण नजर तिने चुकवली नाही. “कारागीरकाकांनी सांगितलं म्हणून थरांचा रकाना ठेवला. पण साचे मोजताना मला ती झिजलेल्या लाकडावरची ठिगळं वाटली. सगळीकडे शून्य टाकत गेले. छोट्या ओळीत तो रकाना दिसतच नव्हता, म्हणून मलाही कळलं नाही.”

“त्या मापाने बूट केला असता तर बाईंची करंगळी सोलून निघाली असती,” कारागीर हळू आवाजात म्हणाला.

फोन हाताशी होता. आत्याने तो उचलला आणि पालथा घातला.

“चूक लपून होती तोवर मला भीती होती,” ती म्हणाली. “आता तुझं यंत्र स्वतःच्या तोंडाने सांगतंय ना? मग वाच. या फळीच्या पहिल्या साच्यापासून.”

संध्याकाळपर्यंत आत्या चाचपत गेली, भाची भरत गेली. शेवटचा साचा फळीवर ठेवताना कारागिरानेच आत्याला विचारलं, “वहिनी, बॅग भरली का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून आत्याचा फोन आला. डोळ्यांवर पट्टी, आवाज मात्र खणखणीत. “तिसरी फळी वाच.”

भाचीने अख्खी यादी छापली आणि वाचत सुटली. पोस्टातल्या बाईंपाशी आल्यावर मुद्दाम थांबली. “थर तीन.”

पलीकडून नर्सचा वैतागलेला आवाज आला. “अहो, जरा सांगा ना यांना! चादरीवर सारखी बोटं फिरवतायत.”

“फिरवू देत,” भाची म्हणाली आणि पुढचा पाय वाचला.