चौथ्या मजल्यावरचा अजगर

मी एक अजगर बोलतोय. अजगर म्हटलं की बकरं गिळणारं धूड तुमच्या डोळ्यांसमोर येईल, पण मी तेवढा नाही. एखाद्या शिवणयंत्राखाली सहज मावेन. माझे पूर्वज आफ्रिकेतले. मी मात्र प्लास्टिकच्या खणात, दिव्याच्या उबेत अंड्यातून निघालो. आई कधी पाहिलीच नाही.

मला बल्गेरियातल्या रूसे शहरात आणलं स्टोइलनं. कॉलेजात शिकणारा हसरा मुलगा. पहिल्या वर्षी त्याच्या खोलीत रोज मित्र जमायचे. तो मला गळ्यात घालायचा, मुली किंचाळायच्या, फोटो निघायचे. मला कान नाहीत, पण तो गोंगाट काचेतून आणि फळीतून पोटापर्यंत पोचायचा. मी अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवायचो. त्यावरही सगळे हसायचे.

मग ते मित्र यायचे थांबले. माझी काचेची पेटी कपाटावर गेली. दिवा बंद पडला, तो कुणी बदलला नाही. पाणी आटलं. कात एकदम निघेना, तुकड्यातुकड्यांनी अंगावर वाळली. डोळ्यांवरची तर तशीच राहिली. तिच्यावर पुढची चढली. जग धुरकट झालं. सावली हलली की मी तोंड मारायचो. हात आहे की पाण्याची वाटी, मला दिसायचंच नाही.

"माजलाय हा," स्टोइल म्हणायचा.

हिवाळ्यात त्याला परदेशी नोकरी मिळाली. तो चौथ्या मजल्यावरची ती खोली रिकामी करत होता, तेव्हा घरमालक कामेन जिन्यात उभा होता.

"आणि हे जनावर?"

"कुणी घेतच नाही हो."

"मग बाहेर ठेव. थंडीत आपोआप निकाल लागेल."

समोरचं दार उघडलं. नाटक कंपनीचे कपडे शिवणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या बोगदानाबाई बाहेर आल्या.

"आण इकडे."

"मावशी, चावतो तो!"

"तुझ्याकडे राहून मीही चावले असते. आण."

त्यांनी पेटी शिवणयंत्राशेजारी ठेवली. फोनवर त्यांची मुलगी रालित्सा स्पेनहून ओरडली, "आई, तुला मांजर मिळालं नाही का?"

"मांजर काय, कुणीही घेतं. आता ओरडू नकोस, शोधून सांग, याला काय लागतं."

रालित्सानं कुरकुरत शोधलं आणि सांगितलं. बाईंनी नवा दिवा लावला. काचेला तिन्ही बाजूंनी जुन्या पडद्याचं जाड कापड लावलं. फुटक्या कुंडीत ओलं शेवाळ भरून मला घर केलं. आणि मग त्यांनी मला हातच लावला नाही. पाणी बदलायच्या आधी काचेवर बोटानं हळूच ठकठक करायच्या, एवढंच.

मी तरीही चावलो. पाण्याची वाटी ठेवताना त्यांच्या अंगठ्यात दात रुतवले. त्यांनी हात हिसडला नाही. हिसडला असता तर माझे दात तुटले असते.

"झालं समाधान? सोड आता," त्या म्हणाल्या. मी सोडलं.

"आई, देऊन टाक त्याला!" रालित्सा फोनवर रडकुंडीला आली.

"घाबरलाय गं. मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या आजीला चावले नाही, एवढाच काय तो फरक."

पण मी खात नव्हतो. बाई दुकानातला गोठवलेला उंदीर कोमट करून चिमट्यानं पुढे धरायच्या, मी तोंड फिरवायचो. अंगाची हाडं वर आली. एकदा त्या काचेपाशी येऊन बसल्या. मग हलकेच म्हणाल्या, "माझ्या घरात मरू नकोस रे बाबा. एक मरण पाहिलंय मी इथं."

ओल्या शेवाळात पडून पडून माझ्या अंगावरचे वाळके थर सैल झाले. बर्फ वितळायच्या सुमारास मी कुंडीच्या खरबरीत काठाला तोंड घासलं, आणि कात सरकली. डोळ्यांवरचे थरही तिच्यासोबत गेले. कितीतरी दिवसांनी समोर एक माणूस स्पष्ट दिसला: पांढरे केस, ओठांत टाचण्या, शिवणावर झुकलेली मान. त्या रात्रीच मी उंदीर घेतला. बाई रडल्या, आणि लगेच त्यांनी रालित्साला फोन लावला.

आता मी धष्टपुष्ट आहे. ईस्टरला रालित्सा येणार होती, आली नाही. त्या दिवशी बाई पेटीत हात टाकून नुसत्याच बसून राहिल्या. मी त्यांच्या मनगटावर चढलो. तिथं ऊब होती. त्याला प्रेम म्हणतात का, मला सांगता येणार नाही. त्यांनीही विचारलं नाही.

तुमच्या घरी कुणी असा चावरा, भेदरलेला जीव आला, तर त्याला उचलून घ्यायची घाई करू नका. त्याला ऊब द्या, आडोसा द्या, आणि पाठ फिरवून आपलं शिवण शिवत बसा. कुणीतरी शेजारी आहे, हे आम्हाला पोटातून कळतं.