डाव्या बाजूचा ब्रेक

डॉक्टर ऑस्ट्रँडर बाईंनी पहिल्याच दिवशी अख्ख्या वर्गाला उंचीप्रमाणे भिंतीशी उभं केलं आणि शेजारशेजारच्यांच्या जोड्या लावून टाकल्या. आयली कांगस मुलींमध्ये उंच, रेमी बेलांजर मुलांमध्ये बुटका; म्हणून दोघं एकमेकांच्या वाट्याला आले.

"आता शेवटपर्यंत हीच जोडी," बाई म्हणाल्या. "पटलं नाही तर लग्नासारखं निभावून न्या."

फिजिओथेरपीची डॉक्टरेट करायची तर आधी एकमेकांच्याच अंगावर शिकावं लागतं. सुपीरिअर सरोवराच्या काठावरच्या त्या विद्यापीठात हिवाळा लवकर मुक्कामाला यायचा. बाहेर बर्फ, आत टेबलांवर आखूड चड्ड्या घालून कुडकुडत पालथी पडलेली पोरं, आणि त्यांच्या पाठीवर हाडं शोधणारी बाकीची पोरं. आयली जे काही शिकली ते रेमीच्या अंगावर. त्याच्या उजव्या खांद्याचं पातं डाव्यापेक्षा जरा बाहेर आलेलं होतं. लहानपणी बर्फावर हॉकी खेळताना मोडलेलं गळ्याजवळचं हाड वाकडं जुळलं होतं. गुडघ्यामागे बोट लावलं की तो घोड्यासारखा लाथ मारायचा.

"तुझे हात आहेत की गोठवलेले मासे?" तो ओरडायचा.

"पेशंटने बडबड करायची नाही."

"पेशंट मरतोय थंडीने. मेल्यावर काय शिकणार आहेस?"

त्यांचं काही चाललंय असं वर्गात सगळ्यांना वाटायचं, पण तसं काही नव्हतं. रेमीची मैत्रीण दुसऱ्या गावात दातांच्या दवाखान्यातलं काम शिकत होती, आणि आयलीला रेमीबद्दल जे वाटायचं त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. डोळे बांधून अख्ख्या वर्गाच्या पाठी पुढे केल्या असत्या, तरी तिने रेमीची पाठ हाताने ओळखली असती. एवढं खरं.

रेमीच्या हातात कौशल्य होतं. अडचण होती ती परीक्षेची. कुणी समोर बसून लिहायला लागलं की त्याच्या डोक्यातून सगळं पुसून जायचं. पेशंटला उचलण्या-बसवण्याच्या प्रात्यक्षिकात तो एकदा नापास झाला होता. दुसरी संधी मिळाली, पण विद्यापीठाचा नियम स्पष्ट होता: त्याच विषयात पुन्हा नापास झालास की घरी जा.

ती दुसरी परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात झाली. पेशंट म्हणून जोडीदारालाच बसवायचे. आयली व्हीलचेअरवर बसली. परीक्षेपुरती ती एक म्हातारे गृहस्थ होती, मेंदूचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडलेले. रेमीने त्या गृहस्थांना खुर्चीतून पलंगावर न्यायचं होतं. पेशंट झालेल्याने एका शब्दाने, एका खुणेनेही सुचवायचं नाही, हे बाईंनी सुरू व्हायच्या आधी पुन्हा बजावलं.

रेमीने इतकं छान केलं की आयली मनात खूश झाली. त्याने नाव विचारलं, दुखतंय का विचारलं, कमरेला पट्टा बांधला, तिची पावलं नीट जमिनीवर टेकवली. उजवीकडचा ब्रेक लावला. मग तो डावीकडे आला. आयलीने आपला लुळा हात खुर्चीबाहेर लोंबत ठेवला होता आणि तो नेमका ब्रेकच्या दांडीवर पडला होता. रेमीने तो हात दोन्ही हातांनी हळूच उचलला, तिच्या मांडीवर ठेवला, वर थोपटला, आणि दांडी न ओढता तशीच सोडून समोर येऊन उभा राहिला.

आयलीची नजर खाली गेली. तिने मुद्दाम केलं नाही, पण गेली.

रेमी हसला. "घाबरू नका आजोबा, मी धरलंय तुम्हाला. चला, उठायचं?"

ती उठू लागली तशी खुर्ची एका बाजूने गर्रकन फिरली आणि मागे सरकली. रेमीने पट्टा धरला होता म्हणून डोकं वाचलं. ती माकडहाडावर दणकन आपटली.

"थांबा," बाई म्हणाल्या, आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

रेमी गुडघ्यावर बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "लागलं का गं?"

"नाही," आयली म्हणाली.

ती उभी राहिली, पट्टा सोडला आणि त्याची घडी करून जागेवर ठेवली. खुर्ची भिंतीशी लावली. बाईंनी रेमीला आत बोलावलं. पुढच्या आठवड्यात त्याचं कपाट रिकामं झालं होतं.

वर्गातल्या काही जणी रडल्या. कुणी तरी निरोपाचा केक आणला, पण ज्याचा निरोप तो आलाच नाही, म्हणून मग बाकीच्यांनीच खाल्ला. आयलीनेही खाल्ला. वर व्हॅनिलाचं क्रीम होतं. ती वाट बघत होती. आत काहीतरी होईल, निदान रडू फुटेल असं तिला वाटत होतं. दिवसभर वाट बघून ती खोलीवर गेली, आईने पाठवलेल्या, बटाटा-मांस भरलेल्या करंजीसारख्या पेस्टींपैकी एक गरम केली आणि खाऊन झोपली. झोपही चांगली लागली.

ऑस्ट्रँडर बाईंनी तिला बोलावून घेतलं. "तू नियम पाळलास. त्यात तुझं काही चुकलं नाही. कळतंय ना?"

"हो, कळतंय."

"तुला कुणाशी बोलायचं असेल तर विद्यापीठात सोय आहे."

"मी बरी आहे, डॉक्टर ऑस्ट्रँडर."

ती खोटं बोलत नव्हती. ती खरंच बरी होती. फक्त बसायला दुखत होतं. अंघोळ करताना ती कधीकधी त्या काळ्यानिळ्या डागावर अंगठा दाबायची. दुखायचं, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. हळूहळू डाग हिरवा पडला, पिवळा पडला, मग गेला. बाईंनी तिला दुसऱ्या एका जोडीत तिसरी म्हणून घातलं. त्या दोघी चांगल्या मुली होत्या. त्यांच्या पाठी सरळ होत्या.

रेमीला तिने फोन केला नाही. त्यानेही केला नाही. आईने फोनवर विचारलं, "तो तुझा मित्र काय करतो आता?" आयली म्हणाली, "माहीत नाही." मग आई शेजाऱ्यांच्या सौनाला, वाफेच्या न्हाणीघराला, आग लागल्याची हकिगत सांगू लागली.

उन्हाळ्यात प्रत्यक्ष कामाचं शिक्षण सुरू झालं. आयलीला सरोवरापासून दूर आत असलेल्या एका छोट्या गावातल्या इस्पितळात पाठवलं. तिथे तिच्यावर देखरेख करायला वर्ना नावाची जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई होती. तीस वर्षं लोकांना चालवत आली होती आणि स्वतः लंगडत होती. आयलीचं काम चोख होतं. वळणावर, उतारावर, पायरीवर कुठेही तिचा पेशंट डगमगला नाही. काय बोलायचं तेही तिला पाठ होतं. शाब्बास. अजून एक पाऊल. दुखतंय ते कळतंय मला.

गुडघा बदललेले साल्मेला नावाचे एक लाकूडतोडे आजोबा होते. गुडघा वाकवताना ते एकदा लहान मुलासारखे रडले आणि मग रडलो म्हणून ओशाळले. आयलीने त्यांना टिश्यू दिला, थांबली, आणि ते थांबल्यावर गुडघा आणखी थोडा वाकवला.

संध्याकाळी वर्नाने तिला गाडीपाशी गाठलं.

"तुझ्या कामात मला काही खोट काढता येत नाही. काढायचा प्रयत्न केला मी. पण साल्मेला काय म्हणाला माहितीये? म्हणाला, पोरगी हुशार आहे, पण तिच्या आत कुणी आहे की नाही कळत नाही."

"मी त्यांच्याशी नीट बोलले."

"तेच तर! फार नीट बोलतेस. तुझ्या घरी कुणी वारलंय का?"

"नाही."

"मग काय झालंय?"

"काही नाही," आयली म्हणाली. तिने खरंच आठवून पाहिलं होतं.

वर्नाने गाडीच्या टपावर थाप मारली. मग म्हणाली, "बरं. उद्या येताना डोनट आण. आणायची पाळी माझी आहे, पण माझा पाय दुखतोय."

ऑक्टोबरात आयली घरी चालली होती, तेव्हा वाटेत रेमीचं गाव लागलं. ते दरवेळीच लागायचं. त्या दिवशी तिने गाडी वळवली. का वळवली, हे तिला सांगता आलं नसतं. रेमीचे लूसियन काका खाडीवर बोटी दुरुस्त करायचे, एवढं तिला माहीत होतं.

रेमी एका मोठ्या बोटीवर पांढरं प्लास्टिक ताणून बसवत होता, हिवाळ्यासाठी. हातातल्या गॅसच्या ज्योतीने प्लास्टिक आवळत जात होतं. तिला पाहून त्याने ज्योत बंद केली. दाढी वाढली होती. खांदे रुंद झाले होते.

"रस्ता चुकलीस?"

"नाही."

काका बोटीखालून बाहेर आले, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, "कॉफी टाकतो," म्हणाले आणि शेडमध्ये गेले ते बाहेर आलेच नाहीत.

"झालीस का डॉक्टर?" रेमीने विचारलं.

"मे महिन्यात होईन."

"वा."

मग तो एकदम म्हणाला, "लागलं होतं ना तुला त्या दिवशी?"

"हो."

"मग नाही का म्हणालीस?"

"माहीत नाही. तू इतका पांढरा पडला होतास."

"तुझे डोळे खाली गेले होते." त्याचा आवाज चढला. "मी बघितलं. मला वाटलं तू पडायला घाबरलीस, म्हणून मी तुला धीर देत बसलो. धीर! तू ब्रेककडे बघत होतीस आणि हा मूर्ख तुला आजोबा-आजोबा करत होता. एक हात हलवला असतास तर काय बिघडलं असतं? नुसता दांडीवर पडू दिला असतास पुन्हा. कुणाला कळलं असतं?"

"डावी बाजू लुळी होती," आयली म्हणाली.

रेमीला हसू आलं. आधी नाकातून, मग असं जोरात की त्याला बोटीला धरावं लागलं. "लुळी होती!" तो म्हणाला. "अरे देवा, लुळी होती म्हणे!" हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने बाहीने पुसलं, आणि ते नक्की कशाचं होतं ते आयलीला कळलं नाही. तिला हसू आलं नाही.

"मला तेव्हापासून काही वाटत नाही, रेमी," ती म्हणाली. "तू गेलास तेव्हा नाही, नंतरही नाही. पेशंट रडतात तेव्हा नाही. मी सगळं बरोबर करते."

त्याचं हसणं ओसरलं. "मग हे मला का सांगतेस?"

"दुसऱ्या कुणाला सांगू?"

"मी काय करू त्याला? तुझं ते वाटणं मी घेऊन आलो का?" तो रागावला होता, पण दमल्यासारखा. "माझी दोन वर्षं गेली. आई अजून लोकांना सांगते की मी सुट्टीवर आलोय. मला रोज सकाळी वाटतं, पुरेसं वाटतं. तुला हवं तर थोडं घेऊन जा."

त्याने ज्योत पुन्हा पेटवली आणि प्लास्टिकचं उरलेलं टोक दाखवलं. "ते ओढून धर. घट्ट. जळू देऊ नकोस."

तिने धरलं. बोट झाकून होईपर्यंत ती तिथे होती. निघताना त्याने हात पुढे केला नाही, फक्त म्हणाला, "पुढे पोलीस गाड्या अडवतायत. सावकाश जा." ती सावकाश गेली.

मे महिन्यात पदवी मिळाली. आई रडली, ऑस्ट्रँडर बाईंनी तिच्या खांद्यावर पदवीचं उपरणं चढवलं, आणि वर्गाचा फोटो निघाला. रेमी आला नाही. तो येईल असं तिला वाटलंही नव्हतं, पण तिने गर्दीत दोनदा पाहिलं. उन्हाळ्यात परवान्याची परीक्षा झाली, ती पास झाली, आणि वर्नाच्याच इस्पितळात नोकरीला लागली. लोक तिला डॉक्टर कांगस म्हणू लागले. ती पहिल्यासारखीच चोख होती.

हिवाळ्याच्या तोंडाशी एकदा तिच्याकडे एक अशक्त म्हातारे गृहस्थ आले, नुकताच मेंदूचा झटका येऊन गेलेला. आयली काठी आणायला वळली तेवढ्यात त्यांच्या दांडग्या, घाईत असलेल्या मुलाने, काखेत धरून उचलू नका असं दोनदा सांगूनही, बापाच्या काखांत हात घातले आणि त्यांना पोत्यासारखं वर ओढलं. म्हाताऱ्याचा लुळा खांदा लटकला आणि ते कळवळले.

"सोडा त्यांना!" आयली ओरडली. "हात काढा आधी! खांदा उखडाल त्यांचा! माणूस आहे तो, तुमचं सामान नाही! किती वेळा सांगितलं होतं? ऐकू येत नाही का तुम्हाला?"

मुलगा लालबुंद झाला. म्हाताऱ्याला खाली बसवून आयलीने खांदा तपासला, जागेवर होता. मग वर्ना आली, मुलाला बाजूला घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, "माफी माग. तू बरोबर होतीस, तरी माग."

आयलीने माफी मागितली. तोही काहीतरी पुटपुटला. मग ती चादरींच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. तिचे हात थरथरत होते. त्या माणसाला पुन्हा जाऊन आणखी चार शब्द सुनवावेत असं तिला वाटत होतं, इतकं की जबडा दुखायला लागला. तिने हात समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली, एखाद्या नव्या पेशंटचे असावेत तसे.

दार उघडून वर्नाने डोकं आत घातलं. "चिडलीस?"

"हो," आयली म्हणाली. "खूप."

"बरं झालं. तीन नंबरवर बाई थांबल्यात, खुब्याचं हाड मोडलंय. येतेस की पाठवू दुसऱ्या कुणाला?"

"येते."

हात अजून थांबले नव्हते. ते तसेच घेऊन ती तीन नंबरकडे गेली.